पदभार

सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि फुंकर मारून पुसलेली ती खुर्ची,
जिच्या डाव्या हातावर चार अध्यक्षांच्या अंगठ्यांनी
एकच खळगा पाडलाय.
टेकून बसले तर माझा अंगठा तिथे पोचत नाही.
पाठीशी उशी घ्यावी लागेल, आणि उशीसाठी
कार्यकारिणीची मंजुरी.

दांडिया बाजारातली ही व्यायामशाळा
माझ्या आजोबांपेक्षा वयाने मोठी.
भिंतीवर दहा पैलवान, मिशा आणि गदा,
आणि पुराची रेघ,
विश्वामित्री आत आली त्या सालची,
बरोबर गदेच्या मुठीपर्यंत.
इतिवृत्ताच्या वह्या तेव्हा भिजल्या.
छगन वसावाने त्या दोरीवर वाळत घातल्या
लंगोटांच्या शेजारी.
आता पानं एकमेकांना सोडत नाहीत.
कुठला ठराव कधी रद्द झाला देव जाणे,
म्हणून सगळेच चालू आहेत.

उदाहरणार्थ नियम चौदा:
मुलींना दोराचा मल्लखांब. खांबाचा नाही.
का, ते चिकटलेल्या पानात आहे.
सातव्या वर्षी मी याच खिडकीच्या गजांत
पाय अडकवून उलटी लटकले होते, बाहेरून.
आत खांब तेलाने चमकत होता.
खानवेलकर मास्तर म्हणाले, "बेबी, पडशील."
पडले नाही.
ते पुढे अध्यक्ष झाले, अठरा वर्षं.
चंदनाच्या हारातून अजून तेच म्हणतात.

पहिली बैठक. आजीव सभासद तीनशे बारा,
त्यांतले व्यायाम करणारे नऊ.
वारलेले किती, ते कोणी मोजत नाही,
गणसंख्या त्यांच्यावरच भरते.
शिर्केकाका: "पुढचा कोपरा मोबाईलवाल्याला देऊ,
भाड्यातून ट्रेडमिल घेऊ."
आंग्रेकाका: "ट्रेडमिलवर माणूस धावतो,
पोचत नाही कुठे."
"इथं तरी कोण पोचलंय?"
चहा आला. सेव-उसळ आली. विषय तहकूब.
जाताना एकेक जण कानाशी वाकून,
"ताई, तुम्ही नव्या. पहिलं वर्ष नुसतं बघा."

लेटरहेडवर छापलंय: अध्यक्ष, श्री.
पाचशे कागद शिल्लक. उगाच खर्च नको
म्हणून मी टिंबावरून 'मती' लिहिते, दाटीवाटीने,
आणि फणसे समासाबाहेर जातं.

पहाटे साडेपाचला एकटी आले.
वाटलं होतं, छगन किल्ल्या देईल.
त्याने फावडं दिलं.
"बेन, माटी फेरववी पडशे.
वरसथी कोईए हाथ नथी लगाड्यो."
हौद्यातली लाल माती वरून मखमल,
बोटभर खाली वीट.
ताक, हळद, एरंडेल, कडुनिंबाचा पाला,
सगळं नंतर. आधी खणणं.
दहाव्या फावड्याला खांदा बोलू लागला.
हातभर खोल एक बटण निघालं, शिंपल्याचं,
मग डब्याचं झाकण, जे क्षणभर
मला ताम्रपट वाटलं,
आणि एक दात.
छगनने दात पुसून खिशात ठेवला.
"कोणाचा रे?"
"हशे कोईनो."

सहाला झरणा आली, रजपुतांची, नऊ वर्षांची,
दोराच्या बॅचमधली.
दोराकडे गेलीच नाही.
खांबाला एक बोट लावलं, बोटाचा वास घेतला,
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी नियम चौदाकडे पाहिलं,
म्हणजे कपाटाकडे, ज्याची किल्ली
अजून शिर्केकाकांच्या जानव्याला आहे.

"पडशील," मी म्हणाले.
आवाज माझा नव्हता. ओळखीचा होता.
ती थांबली.

फावडं टाकलं. खांबाच्या बुंध्याशी बसून
दोन्ही हातांनी माती भुसभुशीत करायला घेतली,
वीतभर, मग आणखी वीतभर.
"छगनभाई, ताक आधी इकडे."